शेलमधला वायू : वर्गमुळाचा हिशेब

आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूतून पाणी गाळून पाहिले आणि १८५६ साली नियम मांडला : दाबातला फरक जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. शेल खडकात तो तोकडा पडतो. तिथली छिद्रे नॅनोमीटरच्या मापाची. दाब उतरला की वायूचे रेणू एकमेकांपेक्षा भिंतींवर अधिक आदळतात, भिंतीलगत घसरत पुढे जातात. क्लिंकनबर्गने १९४१ मध्ये दिलेली दुरुस्ती याच घसरणीची.

मी अडकलो ते मात्र टेक्ससच्या बार्नेट शेलपाशी. पात्सेक, मेल आणि मार्डर यांनी २०१३ मध्ये दाखवले, की तिथल्या विहिरीतून निघालेला एकूण वायू सुरुवातीला काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पहिल्या वर्षी जेवढा निघाला, त्याच्या दुप्पट व्हायला चार वर्षे. तिप्पट व्हायला नऊ! तेही मधल्या काळात शेजारच्या भेगा एकमेकींच्या वाट्याचा वायू ओढू लागल्या नाहीत तर. एकदा तसे झाले, की उत्पादन घातांकी वेगाने उतरते.

आर्प्सची १९४५ सालची वक्ररेषा साध्या विहिरींसाठी होती. पहिल्या काही वर्षांच्या आकड्यांवर बेतून ती तशीच पुढे ओढली, तर ही उतरण तिच्यात दिसतच नाही आणि कागदावरचा साठा फुगतो. विहीर खोदण्याचा पैसा तर तोच कागद पाहून उभा राहतो.