दोन स्विच, एक हुकूम

तत्त्वज्ञानाचा मास्तर आज जॉयस्टिकवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. पण प्रश्न आमच्याच गल्लीतला आहे. हातानं एकदम दोन गोष्टी सांगितल्या, तर माणसाला त्यातली हवी होती कोणती?

१९८० चा 'पॅक-मॅन' घ्या. बोळांतून पळणारा तो पिवळा गोळा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एवढंच जाणतो. मूळ यंत्रातली दांडीही चारच दिशांची. आज जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या 'मेम' या प्रोग्रॅममधून तो घरी खेळता येतो, आणि हातात बहुधा आठ दिशांची दांडी असते. तिच्या पोटात स्विच मात्र चारच! ईशान्येला वेगळा स्विच नाही. उत्तर आणि पूर्व दोन्ही लागले की झाली ईशान्य. हे दोन हुकूम चार दिशांच्या खेळाला एकदम पोचले की वळण हुकतं, आणि मागून भूत येतंच.

मग सॉफ्टवेअरनं एक हुकूम गाळायचा. कोणता? मेमचा नियम असा, की आधीपासून लागलेला स्विच सोडा, नव्यानं लागलेला माना. डावीकडे धावताना दांडी वर सरकली, तर 'डावं' जुनं झालं, 'वर' ही बातमी. माणूस हात हलवतो तो काहीतरी बदलायला, हे त्यामागचं गृहीतक. मला ते पटतं, पण आहे ते गृहीतकच. घामेजलेला हात नुसता घसरला असेल तर? घसरणं आणि ठरवणं यांतला फरक प्रोग्रॅमला दिसत नाही. स्विच 'लागलो' एवढंच सांगतो.

आणि दोन्ही एकाच क्षणी लागले तर? बुरिदानचं गाढव (त्याच्या ग्रंथांत ते नाहीच, बरं का) दोन सारख्या भाऱ्यांमध्ये उपाशी मरतं. मेम सरळ नाणेफेक करतो! गाढवापेक्षा शहाणाच म्हणायचा.

आता ॲनालॉग दांडी बघा. तिच्या हालचालीची मेम ९ बाय ९ घरं पाडतो, आणि चार दिशांच्या नकाशात तिरक्या रेषेवरची घरं 'चिकट' ठेवतो. दांडी तिथे आली की आधीचीच दिशा चालू. म्हणजे तिकडे नवं जिंकतं, इकडे जुनं. विसंगती? मला नाही वाटत. स्विचच्या दांडीत तिरकी जागा ऐसपैस. तिथे जुन्याला धरून बसलं तर वळण गेलं. ॲनालॉगमध्ये ती नुसती सीमारेषा. तिथे हाताच्या थरथरीसरशी दिशा बदलू लागली तर खेळणार कसं?

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअरला जमत नाही. चार दिशांच्या दांडीखाली एक पट्टी असते, ती तिरकं जाताना हातालाच अडवते. प्रोग्रॅम हुकूम गाळतो, पण हाताला त्याचा पत्ता नसतो. म्हणून ज्यांच्या दांडीची पट्टी बदलता येते, त्यांनी आधी ती बदलावी. आणि खेळ कोणता तेही पाहावं. १९८२ च्या 'क्यूबर्ट'मध्ये चार दिशांची दांडीच ४५ अंशांत तिरकी बसवलेली. तिथे तिरकं हाच हुकूम. सरळ बसवलेल्या दांडीवर पॅक-मॅनचा नियम तिथे लावलात, तर उडी भलत्याच ठोकळ्यावर, नाहीतर थेट पिरॅमिडच्या बाहेर.