टप्प्यांचा आवाज आणि मी खोडलेले तीन बिंदू

संशोधनाला सुरुवात करण्याआधी एक प्रयोग घरी करून बघा. टेबल टेनिसचा एक चेंडू, मोबाईल आणि घट्ट बसलेली फरशी, एवढंच लागतं. ‘हे तर अकरावीचं आहे’ असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो होतो, आणि माझ्या गाईड मॅडमसमोर चांगलाच तोंडावर आपटलो.

आधी गणित बघू. चेंडू फरशीवर ज्या वेगाने आदळतो त्यापेक्षा कमी वेगाने वर उसळतो. या दोन वेगांच्या गुणोत्तराला कोएफिशियंट ऑफ रेस्टिट्यूशन म्हणतात. आपण त्याला नुसतं ‘ई’ म्हणू. समजा ई ०.८ आहे. उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून एक मीटरवरून सोडलेला चेंडू ६४ सेंटिमीटर उसळेल. हवेत राहण्याचा काळ मात्र थेट वेगाच्या प्रमाणात असतो. म्हणजे दोन टप्प्यांमधलं प्रत्येक अंतर आधीच्या अंतराच्या ०.८ पट. पहिलं अंतर ०.७२ सेकंद, दुसरं ०.५८, तिसरं ०.४६...

ही भूमिती श्रेढी आहे, आणि तिची बेरीज करून बघण्यात खरी मजा आहे. टप्पे अनंत, पण एकूण वेळ फक्त ४ सेकंदांच्या आसपास! कागदावर चेंडू ४ सेकंदांत अनंत वेळा उसळून शांत होतो. प्रत्यक्षात? विसाव्या टप्प्यानंतरची उंची काढा: ०.१३ मिलिमीटर. पन्नासाव्यानंतर ती एका अणूच्या आकाराइतकी येते. तिथे ‘उसळी’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही. सूत्र कुठे थांबतं हे सूत्र स्वतः सांगत नाही, ते आपल्याला बघावं लागतं.

आता मोजायचं कसं? बहुतेक जण भिंतीला पट्टी लावून उंची वाचतात. करू नका. डोळ्याने वाचताना दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतातच. ६४ मध्ये २ म्हणजे ३ टक्के चूक, ती वर्गमुळामुळे ई मध्ये दीड टक्का होते. त्याऐवजी आवाज रेकॉर्ड करा. मोबाईल साधारणपणे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक टप्पा टोकदार सुळक्यासारखा दिसतो. वेळ एका मिलिसेकंदाने चुकली तरी ७२३ मध्ये १. चेंडू सोडल्याचा क्षण ऐकू येत नाही, पण त्याची गरजही नाही. लागोपाठच्या अंतरांचं गुणोत्तर घेतलं की झालं.

मग अंतरांचा लॉगॅरिदम घ्या आणि टप्प्याच्या क्रमांकासमोर मांडा. ई कायम असेल तर सरळ रेषा मिळायला हवी. माझी जवळजवळ मिळाली. फक्त पहिले तीन बिंदू रेषेच्या थोडे वर होते. ‘सोडताना हात थरथरला असेल’ असं म्हणून मी ते काढून टाकले. आर-स्क्वेअर ०.९९ च्या वर गेला, आणि मी ई तीन दशांश स्थळांपर्यंत ऐटीत लिहून नेला.

मॅडमनी एकच विचारलं, “हे तीन कुठे गेले?” आणि प्रयोग पुन्हा पाच वेळा करायला लावला. पाचही वेळा तेच बिंदू वर. हात थरथरला असता तर कधी वर, कधी खाली दिसले असते ना? चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला जात असेल, तर तिला काहीतरी कारण असतं.

इथलं कारण हवा. चेंडूचं वजन २.७ ग्रॅम, व्यास ४० मिलिमीटर. इतकी हलकी आणि इतकी फुगीर वस्तू. एक मीटरवरून पडताना शेवटी हवेचा विरोध वजनाच्या जवळजवळ पाव पट होतो. निर्वातात वेग सेकंदाला ४.४ मीटर झाला असता, तो ४.२ च्या आसपास राहतो. विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे पहिल्या उंच टप्प्यांत नुकसान जास्त आणि पुढे ते झपाट्याने कमी. मी जे खोडले होते, नेमकं तिथेच भौतिकशास्त्र होतं. आणि मी ज्याला फरशीचा ई म्हणत होतो, त्यात हवाही मिसळलेली होती.

न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त लंबकांना लावलेले गोळे एकमेकांवर आदळवून हेच गुणोत्तर काढलं: लोकरीच्या गोळ्यांसाठी ५ : ९, काचेसाठी १५ : १६. त्यातही आधी हवेमुळे लंबक किती मंदावतो ते त्याने वेगळं मोजून वजा केलं होतं. सव्वातीनशे वर्षांनी मी ते विसरलो!

हवा वेगळी काढायचे दोन साधे मार्ग आहेत. एक, चेंडू २० सेंटिमीटरवरून सोडा. तिथे विरोध वजनाच्या ५ टक्क्यांवर येतो. दुसरा मला जास्त आवडला: बेअरिंगचा छोटा छर्रा घ्या आणि कडप्प्याच्या जाड तुकड्यावर टाका. पोलादासमोर हवा नगण्य. माझी रेषा बरीच सरळ झाली, पण किंचित वाक उरलाच. तो हवेचा नाही. जोराने आदळल्यावर पृष्ठभागावर कायमचा बारीक खळगा पडतो आणि त्यात ऊर्जा जाते, म्हणून ई स्वतःच वेगानुसार बदलतो.

छर्रा टाकण्याआधी कडप्पा बोटाने ठोकून बघा. खाली पोकळ आवाज आला तर जागा बदला, नाहीतर तुम्ही छर्र्याऐवजी गवंड्याचं काम मोजत बसाल.