सिम्युलेटरवरील परीक्षा: एक मागोवा

मुंबईत 1927 साली सुरू झालेल्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण-नौकेवरून ज्या पिढ्या बाहेर पडल्या, त्यांची योग्यता समुद्रावर काढलेले महिने, वरिष्ठांचा दाखला आणि परीक्षकासमोरची तोंडी परीक्षा यांवर ठरत असे. आणि परीक्षकाची मर्जी हाही त्यातला एक अलिखित विषय असे, हे जुने दर्यावर्दी हसत हसत कबूल करतात. दर्यावर्दींचे प्रशिक्षण व दाखले यांविषयीच्या 1978 च्या आंतरराष्ट्रीय करारात 1995 साली दुरुस्ती झाली, उमेदवाराने प्रत्यक्ष काय करून दाखविले याला महत्त्व आले, रडारचे शिक्षण सिम्युलेटरवर सक्तीचे झाले आणि कसोटीचे निकष उमेदवारास आधीच कळावेत, परीक्षकाच्या वैयक्तिक मताला शक्य तितका कमी वाव राहावा, असा दंडकही घातला गेला.

परंतु यंत्र आले म्हणून न्याय आला, असे नव्हे. सिम्युलेटरवरचा धुक्याचा पाठ घ्या: समोरच्या जहाजाचा ठिपका रडारवर दिसताच एक उमेदवार डावीकडे वळतो आणि केवळ नशिबाने निसटतो, दुसरा उजवीकडे वळतो, पण तिकडे अकस्मात मच्छीमार होड्यांचा घोळका निघाल्याने त्याची टक्कर होते. निव्वळ परिणाम मोजला तर पहिला उत्तीर्ण ठरेल, मग 1972 च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांतील 19 वा नियम तसले डावे वळण शक्यतो टाळावे असे बजावीत का असेना. त्या क्षणी उमेदवाराला पडद्यावर काय दिसत होते, हे पुनर्दर्शनात तपासल्यावाचून मारलेला शेरा माझ्या लेखी बेकायदाच.

माणसाला समोर काय दिसत होते हे पाहूनच दोष ठरवावा, हे तारापूरच्या अणुवीज केंद्राशेजारी राहणाऱ्यांना तरी निराळे सांगावयास नको. 1979 साली अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली असता फलकावरचा दिवा ती बंद करण्याचा हुकूम गेला एवढेच सांगत होता, आणि प्रारंभी दोषाचा मोठा वाटा चालकांच्या माथी आला. नंतर मात्र नियंत्रण-कक्षाच्या हुबेहूब प्रतिकृतीवर चालकांना घडविण्याचा प्रघात जगभर बळावला.

हाच प्रश्न आता आपल्या किनाऱ्यावरही येईल. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये, मच्छीमारांचा विरोध कायम असतानाच, वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या बंदराच्या जलमार्गाचा पाठ उद्या कोणी सिम्युलेटरवर रचील, तेव्हा सातपाटी या तिथल्या मच्छीमार गावच्या एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, शेजारी बसवून घ्यावे, ही माझी सूचना. कारण डोलीची जाळी कोठे असतात आणि होड्या कोणत्या वेळी परततात, हे ठाऊक नसलेल्याने रचलेल्या पाठात उमेदवार चुकला, तर गुण नेमके कोणाचे कापावयाचे?