नवऱ्याचा पासपोर्ट, बायकोचा व्हिसा
(लेखांक ६)

जर्मनीतल्या जर्मन नवऱ्याकडे नांदायला जाणाऱ्या भारतीय बायकोला साधारणपणे आधी जर्मन भाषेची ए-१ परीक्षा द्यावी लागते. त्याच इमारतीतल्या पोर्तुगीज शेजाऱ्याची भारतीय बायको मात्र परीक्षेविना येते. जर्मन माणूस स्वतःच्याच देशात असल्यामुळे त्याला जर्मनीचा कायदा लागतो. पोर्तुगीज शेजारी आपला देश सोडून आला, म्हणून त्याच्या कुटुंबाला युरोपीय संघाचा २००४ चा निर्देश लागू होतो. घरच्यापेक्षा पाहुण्याचा मान मोठा!

या निर्देशानुसार जोडीदाराला आणि २१ वर्षांखालच्या मुलांना मिळणारा व्हिसा ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. (अवलंबून असलेल्या आईवडिलांची गोष्ट पुढच्या लेखांकात.) व्हिसाला फी नाही. शेंगेनच्या अर्जात नोकरी, प्रवासखर्च वगैरे तारांकित रकाने या मंडळींनी कोरे सोडायचे असतात. अधिकाऱ्याने पाहायचं ते एवढंच: नातं खरं आहे का, आणि अर्जदार त्या युरोपीय नागरिकासोबत किंवा त्याच्याकडे निघाला आहे का. सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा, आरोग्य किंवा खोटं लग्न, एवढ्याच कारणांवरून नकार देता येतो.

नकार देणं अवघड, पण ताटकळत ठेवायला कुणाची हरकत? चार आठवड्यांपेक्षा जास्त वेळ लावणं वाजवी नाही, असं युरोपीय आयोगाला २००९ मध्ये लेखी सांगावं लागलं.

ब्रिटनचा नमुना तर मासलेवाईक. स्पेनमध्ये राहणाऱ्या एका ब्रिटिश-आयरिश गृहस्थाच्या कोलंबियन पत्नीकडे स्पेनचं रहिवासी कार्ड होतं. निर्देशानुसार तेवढं पुरेसं होतं. ब्रिटनला ते मान्य नव्हतं. तिथे जायचं तर फॅमिली परमिट हवं. त्याची मुदत सहा महिने, आणि त्यासाठी मार्बेल्याहून माद्रिद गाठून ब्रिटिश वकिलातीत बोटांचे ठसे द्यायचे. खोट्या लग्नांचा सुळसुळाट झालाय, हा सरकारचा बचाव. १८ डिसेंबर २०१४ ला युरोपीय न्यायालयाने तो फेटाळला. संशय असेल तर त्या माणसापुरती चौकशी करा, सरसकट सगळ्यांना रांगेत उभं करू नका, असा निकालाचा मथितार्थ.

याच परमिटवर गोव्यातली बरीच कुटुंबं ब्रिटनला पोचली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्या आईबापांच्या किंवा आजीआजोबांच्या आधारे एकाने पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा, स्विंडनला काम धरायचं आणि मागून भारतीय पासपोर्टवरच्या बायकोला बोलवायचं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि ३० जून २०२१ ला ती वाट बंद झाली. आता जे वेगळं परमिट उरलंय, त्यासाठी लग्न किंवा टिकाऊ नातं २०२० संपण्याआधीचं असावं लागतं.

म्हणजे स्विंडनमधल्या एखाद्या पोर्तुगीज गोंयकाराने आज मडगावात लग्न केलं, तर बायकोसाठी भरमसाट फी, इंग्रजीची परीक्षा आणि साधारणपणे वर्षाला किमान २९,००० पौंडांचं उत्पन्न आलं. तोच डब्लिनमध्ये नोकरीला असता, तर तिचा व्हिसा फुकट झाला असता.