घुगरी-टोपली मुशीत घालण्याआधी

भगिनींनो, दुधनीच्या बाजाराला आलात की तांड्यावरच्या एखाद्या वयस्क लमाणी आजीकडे जरा निरखून पाहा. कानांच्या वर केसांच्या बटांत गुंफलेली चांदीची फुगीर टोपली आणि तिच्याखाली गालांवर रुळणारी घुगरी. लग्न झालेल्या बाईचेच हे लेणे. आपल्या राखडी-अग्रफुलांचे भावंडच म्हणा ना! दूर मध्य आशियात कझाक मुलीही वेणीला ‘शोल्पी’ नावाची चांदीची लोलके बांधत. चालताना ती किणकिणत.

आपल्याकडे मात्र हे लेणे हल्ली केसांत कमी आणि तराजूत जास्त दिसते. पेरणी तोंडावर येते, बी-खताला पैसा नसतो, मग नजर डब्यातल्या चांदीकडे जाते. माझे काम शेतीचा सल्ला देण्याचे. तरी खरिपाचा खर्च म्हटला की हा विषय निघतोच.

हे घडते कसे ते आधी पाहा. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. मुशीतला रस ओतून लगड करायची, ती ठोकून पत्रा, पत्रा ठशावर बडवून टोपलीचा घुमट. जंत्रीच्या भोकांतून तार ओढायची, तिच्या कड्या वळून साखळी करायची. मग टाकणखार लावून, फुंकणीने जाळ देऊन एकेक घुंगरू डाखाने जोडायचे. डाखात तांबे-जस्त असते, म्हणून मोडीत सोनार घट धरतो. ती सगळीच लबाडी नसते. पण घडणावळ? तिचा एक पैसा परत येत नाही.

खरी मेख आहे नाण्यांत. दागिन्यात ओवलेले जुने रुपये सरसकट एका भावाने देऊ नका, आधी साल वाचा. १९३९ पर्यंतच्या इंग्रजी रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, वजन एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, आणि १९४७ चा रुपया निकेलचा. नाणी सोडवून वेगळी तोलायला लावा.

काळी पडली म्हणून चांदी खोटी ठरत नाही; हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. रिठ्याच्या पाण्यात मऊ कुंचल्याने धुवा. राखेने घासाल तर नक्षी जाईल.

विकायचेच झाले तर सुटी नाणी आधी द्या, घुगरीची जोडी शेवटी. आणि ती कोणत्या गावी, कुणाच्या लग्नात घडवली, हे सासूबाईंना विचारून चिठ्ठीवर लिहा नि डब्यात ठेवा.