सही पालकांची, कातडी मुलाची

परीक्षा संपून सुट्टी लागली की बऱ्याच घरांत एक वाद सुरू होतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला टॅटू हवा असतो. आई नाही म्हणते, बाबा विचार करू म्हणतात. मग फोनवर स्टुडिओचा अर्ज दाखवला जातो. त्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांच्या सहीची जागा असते. सही केली की प्रश्न मिटला, असं मग मुलांनाही वाटतं आणि पालकांनाही. माझं म्हणणं असं आहे की ज्या गोष्टींची काळजी करायला हवी, त्यांतल्या एकाही गोष्टीची हमी ही सही देत नाही. शाई त्वचेत गेल्यावर काय करते, सुई कशी निर्जंतुक केली, वर्षभराने भरतीच्या मैदानात काय होईल, हे त्या कागदावर कुठेच नसतं. म्हणून या विषयातले काही पक्के समज तपासून पाहू. त्यांत मुलांचे आहेत, तसे पालकांचेही आहेत.

“आई-बाबांची संमती असली की ते कायदेशीरच”

भारतात टॅटू काढण्याचं किमान वय ठरवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. त्यामुळे “पालकांच्या संमतीने सोळाव्या वर्षी चालतं” असं सांगणारं कलमही नाही. स्टुडिओ जे सांगतात तो त्यांचा स्वतःचा नियम असतो. काही चांगले कलाकार अठराच्या आत कुणालाच हात लावत नाहीत. काही सही घेऊन करतात, काही तेवढंही विचारत नाहीत.

इतर कायदे मात्र आहेत. १८७५च्या कायद्यानुसार सज्ञान होण्याचं वय १८. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे १९०३ सालच्या मोहरीबीबी खटल्यापासून पक्कं आहे. त्यामुळे मुलाने स्वतः भरलेल्या अर्जाला करार म्हणून किंमत नाही. फौजदारी बाजूने पाहिलं, तर संमतीने झालेली इजा गुन्हा ठरत नाही असं सांगणारं भारतीय न्याय संहितेचं २५वं कलम अठरा वर्षांवरच्या व्यक्तीच्या संमतीबद्दल बोलतं. पालकांच्या संमतीचा उल्लेख २७व्या कलमात येतो, पण तो बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीपुरता. शस्त्रक्रिया त्यात बसते. हौसेसाठी कातडीत शाई भरणं मुलाच्या हिताचं आहे, हे पटवून देणं कठीण आहे. एकूण काय, पालकांच्या सहीने काम कायदेशीर होतं असं ठामपणे सांगता येत नाही.

‘कोणत्याही परिणामास स्टुडिओ जबाबदार राहणार नाही’ ही ओळ अशा अर्जांत हमखास असते. तिच्यामुळे निष्काळजीपणाबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा मार्ग बंद होत नाही. पण पालक ती वाचून घाबरतात आणि पुढे काही झालं तरी गप्प बसतात.

ब्रिटनने हा प्रश्न १९६९ मध्येच निकाली काढला. तिथे अठराच्या आतल्या व्यक्तीला टॅटू काढणं गुन्हा आहे. वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरांनी केला तरच सूट. पालकांची परवानगी तिथे बचाव ठरत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. न्यूयॉर्क राज्यात पालक सोबत आले तरी अठराच्या आत टॅटू काढता येत नाही, फ्लोरिडात सोळा-सतराच्या मुलांना पालकांच्या संमतीने काढता येतो. पुढारलेल्या देशांत सगळं चालतं, हा आपल्याकडच्या मुलांचा आवडता मुद्दा, पण तो खरा नाही.

“लायसन आहे, सुई नवी आहे, मग धोका कसला?”

भिंतीवर लावलेलं असतं ते बहुधा गुमास्ता लायसन, म्हणजे दुकान नोंदणी. ते व्यवसायाचं आणि कामगारांचं प्रमाणपत्र आहे. उपकरणं निर्जंतुक आहेत की नाहीत, याचा त्याच्याशी संबंध नाही.

सुई नवी असणं अत्यावश्यक आहे, पण पुरेसं नाही. यंत्राची सुई ज्यातून ये-जा करते ती नळी, कलाकाराचे हातमोजे, शाईची वाटी, पुसायचं कापड, फवारणीची बाटली, यांतली एखादी जरी वस्तू आधीच्या माणसाच्या रक्ताला लागलेली असली तरी संसर्ग होऊ शकतो. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. त्यावर निदान लस तरी आहे, हिपॅटायटिस सी वर नाही. पुन्हा वापरायची उपकरणं ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत साधारण पंधरा ते वीस मिनिटं ठेवावी लागतात. उकळत्या पाण्यात बुडवून काढणं किंवा निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

शिवाय शाईच दूषित असली तर? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात २०११च्या अखेरीस एकाच कलाकाराकडे टॅटू काढलेल्या १९ जणांच्या त्वचेवर पुरळ उठलं आणि ते बरं होईना. तपासात क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातला एक जीवाणू सापडला. तो आधीच पातळ करून विकलेल्या करड्या शाईतून आला होता. शाईची बंद बाटलीच जंतू घेऊन आल्यावर सुई नवी असून काय उपयोग? नळाच्या पाण्याने शाई पातळ करणं तर धोक्याला आमंत्रणच आहे. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं घातली. आपल्याकडे तसे नियम नाहीत. २०२५च्या सुरुवातीला कर्नाटकच्या आरोग्य खात्याने शाईच्या नमुन्यांत २२ धातू आढळल्याचं सांगून केंद्राकडे नियमांचा आग्रह धरला.

इथे आकाराचा संबंध नाही. मनगटावरचा इवलासा तारा काढायलाही त्वचेला तितकीच खोल टोचणी लागते. लाल रंगाची ॲलर्जी सर्वांत जास्त दिसते आणि ती महिन्यांनी, कधी वर्षांनीही उद्भवू शकते.

ज्यांच्या जखमेचा व्रण फुगून गाठीसारखा वाढतो, म्हणजे केलॉइड होतो, त्यांनी तर विचारच करू नये. ही प्रवृत्ती सावळ्या त्वचेत आणि दहा ते तीस या वयात जास्त दिसते. छाती आणि खांदा या केलॉइडच्या नेहमीच्या जागा, आणि मुलांना टॅटूही नेमका तिथेच हवा असतो. अंगावर कोड किंवा सोरायसिस असेल तर टोचलेल्या जागीच नवा चट्टा उमटू शकतो. जन्मतः हृदयाच्या झडपेचा दोष असेल, मधुमेह असेल किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. या वयातल्या कितीतरी मुलांना या गोळ्या चालू असतात आणि स्टुडिओत ते विचारलं जात नाही. दुखू नये म्हणून लावायच्या बधिरतेच्या क्रीममध्येही औषध असतं. मोठ्या भागावर जाड थर लावून वर प्लास्टिक गुंडाळलं तर ते रक्तात जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये तसा इशारा दिला होता.

“आपल्या आज्या-पणज्या लहानपणीच गोंदून घ्यायच्या”

हा मुद्दा मला मनापासून जवळचा वाटतो, कारण गोंदण ही आपली फार सुंदर परंपरा आहे. कपाळावरचे आणि हनुवटीवरचे ठिपके, हातावरची तुळस, दंडावरचं नाव. मेल्यावर सगळे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, ही श्रद्धा अनेक बायांनी आयुष्यभर जपली.

पण त्यावरून आजच्या सोळा वर्षांच्या मुलीसाठी दाखला काढता येत नाही. गोंदणारीण दारात किंवा जत्रेत यायची आणि दिव्याची काजळी घेऊन त्याच सुयांनी ओळीने सगळ्या पोरींना गोंदायची. कुणाला पुढे कावीळ झाली तर तिचा संबंध सुईशी जोडण्याचं ज्ञान तेव्हा कुणाकडेच नव्हतं. नोंद झाली नाही म्हणजे त्रास झाला नाही, असा अर्थ काढता येत नाही. आणि त्या मुलींना कुणी विचारलं होतं? बायांनी धरून बसवलेली, रडणारी पोर हेही त्या परंपरेचंच चित्र आहे. ज्या खुणेला अख्खं गाव ओळखतं ती खूण अंगावर असणं वेगळं आणि यंदा आवडलेल्या गाण्याची ओळ वेगळी. गोंदणाचा मान राखायचा असेल तर मोठ्या वयात, समजून-उमजून, आजीचं नक्षीकाम स्वतःच्या हातावर घेणाऱ्या मुली आज आहेत. मला ते फार आवडतं.

“नको वाटला तर लेझरने काढू”

सगळ्यांत महाग पडणारा समज हाच. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलतो, पण शाई त्याच्याखालच्या थरात बसते. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात. २०१८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवून दिलं की या पेशी मरतात तेव्हा सुटलेली शाई नव्या भक्षक पेशी पुन्हा गिळतात. पेशी बदलत राहतात, चित्र तिथेच राहतं. काही शाई लसिकाग्रंथींपर्यंत पोचते आणि तिथेही साठते.

लेझर या कणांचा अतिशय छोट्या स्पंदांनी भुगा करतो आणि शरीर तो हळूहळू वाहून नेतं. दोन बैठकांमध्ये सहा-आठ आठवडे थांबावं लागतं. सहा ते दहा बैठका लागणं नेहमीचं, त्याहून जास्तही लागतात. म्हणजे सात-आठ महिने ते दीड वर्ष, आणि प्रत्येक बैठकीचे हजारो रुपये. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, पिवळा आणि हिरवा चिवट असतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं आणि तेही लेझरची ऊर्जा शोषून घेतं. त्यामुळे त्या जागी पांढुरका किंवा काळपट डाग राहण्याची शक्यता वाढते. कधी टॅटू जातो आणि त्याच आकाराचा फिकट डाग मागे राहतो.

शरीर वाढत असतं हेही लक्षात घ्यायला हवं. मुलगे सतरा-अठरापर्यंत उंच होतात, खांदे रुंदावतात, मांड्यांवर आणि दंडांवर ताणाच्या रेषा उमटतात. चित्र त्यासोबत वाकडं होऊ शकतं.

“हल्ली नोकरीत कोण बघतं?”

आयटी कंपनीत बहुधा कुणी बघत नाही. पण महाराष्ट्राच्या गावागावांत पहाटे रस्त्यावर धावणारी जी मुलं आहेत, त्यांच्यासाठी हा समज घातक आहे. भारतीय सैन्यात कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासी समाजांना वेगळी सवलत आहे. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ अशा केंद्रीय दलांत हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू डाव्या हातावरच हवा, कारण उजवा हात सलामीचा. तो धार्मिक चिन्ह किंवा नावापुरताच असावा आणि त्या अवयवाच्या चौथ्या भागापेक्षा लहान असावा, असा नियम आहे.

सोलापूरच्या एका तरुणाला हातावरच्या ‘ॐ’मुळे सीआयएसएफने नाकारलं. तो टॅटू त्याने बराचसा काढूनही टाकला होता. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण तिथवर जाणं प्रत्येकाला जमत नाही. अग्निवीर भरती साडेसतराव्या वर्षी सुरू होते. सोळाव्या वर्षी जत्रेत उजव्या दंडावर काढलेल्या वाघामुळे दीड वर्षाची मेहनत वाया जाऊ शकते. हे मुलांना आधी कुणीतरी सांगायला हवं. सहीच्या अर्जावर ते छापलेलं नसतं.

पालकांचेही समज

टॅटू असला की जन्मभर रक्तदान करता येत नाही, हे खरं नाही. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या नियमांनुसार टॅटूनंतर बारा महिने थांबावं लागतं. एमआरआय करता येत नाही, हेही खरं नाही. ३३० टॅटूधारकांच्या एका पाहणीत फक्त एकाला हलकासा त्रास झाला.

टॅटूने कॅन्सर होतोच, असं म्हणता येत नाही. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने २०२४ मध्ये टॅटू असणाऱ्यांत लिम्फोमाचं प्रमाण २१ टक्के अधिक आढळल्याचं मांडलं. हा सहसंबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण शरीरात कायम राहणाऱ्या गोष्टीबद्दल संशोधन अपुरं असताना घाई न करणं शहाणपणाचं.

आणि टॅटू मागणारं पोर वाया गेलं, हा समज तर सोडूनच द्यायला हवा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७च्या अहवालात म्हटलं आहे की टॅटू आता सर्वसामान्य झाला आहे, त्यावरून मुलाच्या वर्तनाचा अंदाज बांधता येत नाही.

‘मेंदीचा तात्पुरता काढ, तो निर्धोक’ हा सल्लाही अर्धवट. खरी मेंदी लालसर-तपकिरी रंगते. काही मिनिटांत गडद काळी होणाऱ्या मेंदीत बहुधा केस काळे करायच्या डायमधलं पीपीडी हे रसायन असतं. त्याने फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहते. पुढे केस रंगवतानाही त्रास होतो.

मग करायचं काय?

अठरापर्यंत थांबायचं. मुलाने, आणि पालकांनी सही न करता. थांबल्याने चित्र हातचं जात नाही, कलाकार कुठे जात नाही. त्या काळात तेच चित्र कपाटावर चिकटवून ठेवता येतं, दोन वर्षं रोज बघता येतं. नाही म्हणताना मात्र टोमणे मारू नयेत. “आत्ता नाही, अठरा झाल्यावर निर्णय तुझा, आणि तेव्हा चांगला स्टुडिओ शोधायला मी सोबत येईन,” असं आईने म्हटलं तर बहुतेक मुलं ऐकतात. दार आपटून नाही म्हटलं की तीच मुलं मित्राच्या खोलीवर, ऑनलाइन मागवलेल्या स्वस्तातल्या यंत्रावर टॅटू काढून घेतात. धोका खरा तिथे आहे.

आणि कुणी आधीच काढून आलं असेल, तर पहिले काही दिवस जखमेकडे लक्ष द्या. वाढती लाली, पू, ताप किंवा दंडाकडे सरकणारी लाल रेष दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण झाली आहे का, ते लसीकरणाच्या कार्डावर पाहा. सुईबद्दल शंका असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी कधी करायची आणि पुन्हा कधी, ते डॉक्टरांना विचारा. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय असते, माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. अठराच्या आतल्या मुलाच्या या तपासणीला पालकांची संमती लागते, आणि ती सही मात्र वेळ न घालवता करा.