उद्या काय शिजवायचं?

'तुमच्याकडे काय, रोजच बिर्याणी!' कॉलेजच्या कट्ट्यावर हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. मग इंदापूर तालुक्यातल्या सणसरसारख्या गावातल्या मुस्लीम घराचा आठवडा बघा. बाजाराची पिशवी आली की आधी पालेभाजी संपवायची, ती टिकत नाही ना! मग वांगी, गवार. पिशवी रिकामी झाली की पिठलं, मसूर आणि भाकरी. मटण? परवडेल तेव्हा, नाहीतर पाहुणे आले की. म्हणजे तुमच्या घरासारखंच.

फरक पडतो तो कॅलेंडरमुळे. चांद्र वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. तो आला की चूल पहाटे सहरीसाठी पेटते आणि संध्याकाळी रोजा ठेवूनच इफ्तारची तयारी होते. बकरी ईदच्या मटणाचे वाटे तीन: घर, नातलग, गरजू.

गावाचं कॅलेंडरही असतंच. तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी असते. २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. कुर्बानी ईदनंतरच्या दोन दिवसांतही करता येते. त्यामुळे २०२३ ला राज्यात ठिकठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी टाळली. शेजाऱ्याचा उपवास बघून घरचा बेत बदलला!

हा सगळा हिशेब डोक्यात ठेवतं कोण? बहुतेक घरांत आई, कुठे अम्मी. या कामाला ना पगार, ना रविवार. तेव्हा आज घरी गेल्यावर 'काय केलंय?' विचारू नका. 'उद्या मी काय करू?' विचारा.